खांद्याला मार लागलाय, थांबायचं की दाखवायचं?

गाडी घसरली, बाथरूममध्ये पाय सरकला, एसटीत अचानक ब्रेक लागला आणि वरचा दांडा धरलेल्या हातावर सगळं अंग आलं, असं काही झालं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते मुका मार आहे, हळद लाव, शेक घे, चार दिवसांत जाईल. दुसरी म्हणते वेळ घालवू नका, थेट एमआरआय करून या. काळजी दोघांनाही असते, पण दोघंही दुखतंय किती यावरूनच ठरवत असतात आणि खांद्याच्या बाबतीत हे माप फार फसवं आहे. साधा मुका मार पहिल्या रात्री झोपू देत नाही इतका ठणकतो आणि आठवड्याभरात ओसरतो, आणि उलट एखाद्याचा आतला टेंडन, म्हणजे स्नायूचं टोक हाडाला जिथे जोडलं जातं तो चिवट भाग, पूर्ण तुटलेला असतो तरी चार-पाच दिवसांत ठणका बराच कमी होतो, फक्त हात वर जात नाही. म्हणून मला इथे मुख्य एकच गोष्ट सांगायची आहे, खांदा दुखावला तर दुखण्यापेक्षा हाताकडे जास्त बघा, त्याला काय जमतंय, काय जमत नाहीये, आणि दिवस जातील तसा त्यात फरक पडतोय का.

असं का, ते कळायला आत काय असतं ते थोडक्यात बघू. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते खांद्याच्या फऱ्यावरच्या एका खोबणीला टेकलेलं असतं, पण ही खोबण खुब्यासारखी खोल नाही, उथळ आहे, लहानशा बशीवर मोठा लाडू ठेवावा तशी. एका वेळी त्या गोळ्याचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच खोबणीला टेकलेला असतो. त्यामुळेच आपल्याला हात डोक्यावर, पाठीमागे, चहूकडे फिरवता येतो, आणि त्यामुळेच शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच. हाडाची पकड कमी आहे म्हणून गोळा जागेवर धरायचं काम करतात चार लहान स्नायू आणि त्यांचे टेंडन. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. बाहेरून दिसतो तो खांद्यावरचा मोठा स्नायू, जिममधली पोरं जो फुगवतात तो, पण हात उचलताना गोळा मधोमध धरून ठेवायचं काम आतल्या या चौघांचं. या कफच्या आतल्या बाजूला सांध्याचं एक पातळ वेष्टन असतं, आणि वर कॉलर बोन जिथे फऱ्याला मिळतं तिथे आणखी एक छोटा सांधा असतो. गाडीवरून थेट खांद्यावर पडलात तर बहुतेक वेळा हा वरचा सांधा किंवा कॉलर बोन दुखावतं, आणि हात टेकून किंवा हात ताणला जाऊन पडलात तर कफ किंवा मुख्य सांधा.

आता आधी ते सांगतो ज्यात विचार करत बसायचंच नाही. पडल्यावर खांद्याची गोलाई गेली, बाजूने सपाट झाला, पुढे काहीतरी गोळा आल्यासारखं दिसतंय आणि माणूस हात दुसऱ्या हाताने धरून बसलाय, जराही हलवू देत नाही, तर तो निखळला असं धरून चाला आणि लगेच कॅज्युअल्टी असलेल्या हॉस्पिटलात न्या. हाड त्वचेला आतून टोचतंय असं दिसतंय, जखम उघडी आहे, बोटं गार किंवा फिकट पडलीत, मनगट वर उचलता येत नाही, दंडाच्या बाहेरच्या बाजूला हात लावलेला कळत नाही, तर तेही लगेच. तो दंडाच्या बाहेरचा बधिर पट्टा महत्त्वाचा आहे कारण खांदा निखळला की त्याखालून जाणारी एक नस ताणली जाते आणि तिची खूण तिथे दिसते. पडणं जोरात होतं आणि मानही दुखतेय किंवा माणूस जरा वेळ बेशुद्ध होता, तर त्याला स्वतः उचलून गाडीत कोंबू नका, 108 ला फोन करा. दहीहंडीच्या थरावरून पडलेल्या पोरांना मित्र खांद्याला धरून उभं करतात ना, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो, कारण खांदा नंतरही बसवता येतो, मानेचं तसं नाही.

आणि कृपा करून, निखळलेला खांदा कुणाला ओढून बसवू देऊ नका. गावोगावी हाडं बसवणारे असतात, त्यातल्या काहींचा हात चांगला असतो असं लोक सांगतात, मी त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाहीये, पण एक्सरे न काढता आत हाडही मोडलंय का हे कुणालाच कळत नाही आणि मोडलेलं हाड ओढलं तर ते आणखी सरकतं, नस किंवा रक्तवाहिनी चेपली जाऊ शकते, वयस्कर माणसात तर जास्तच. हॉस्पिटलमध्ये एक्सरे काढून, गुंगीचं किंवा दुखण्याचं औषध देऊन, स्नायू सैल करून खांदा सावकाश बसवतात आणि परत एक्सरे काढून खात्री करतात. इथे उशीरही नडतो. निखळलेला खांदा दोन-तीन आठवडे तसाच राहिला तर मग नुसत्या हाताने बसवणं अवघड होतं, बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं.

एक प्रकार सहज निसटतो, तो मुद्दाम सांगतो. शेतातल्या मोटरीचा शॉक बसला किंवा फिट आली तर स्नायू इतक्या जोरात आवळले जातात की खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. एरवी खांदा बहुतेक वेळा पुढे निखळतो त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पुढे असतं, आणि मागे निखळलेला समोरून काढलेल्या साध्या एक्सरेत जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. खूण एवढीच, की हात पोटाशी आत वळून अडकलेला असतो, बाहेरच्या बाजूला वळतच नाही. शॉक किंवा फिटनंतर असा हात दिसला तर डॉक्टरांना शॉकचं आठवणीने सांगा आणि बाजूने पण एक्सरे काढायचा का असं सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बरं, असं काहीच नाही, आकार ठीक आहे, बोटं हलतायत, फक्त दुखतंय आणि हात जड झालाय. इथे बहुतेक लोक असतात. तर पहिले दोन-तीन दिवस काय करायचं? बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गरम शेक या दिवसांत नको, आणि मालिश तर अजिबातच नको, ताज्या मारावर रगडलं की आतली सूज आणि रक्तस्राव वाढतो. दोन-तीन दिवसांनी सूज उतरल्यावर मान-खांद्याचे आखडलेले स्नायू गरम शेकाने मोकळे होतात, तेव्हा खुशाल घ्या. हळदीचा लेप लावल्याने आतला टेंडन जुळत नाही पण नुकसानही नाही, आजीला बरं वाटत असेल तर लावा, फक्त त्यावर घट्ट पट्टा बांधून हात पोटाशी करकचून ठेवू नका.

गोळ्यांचं जरा नीट वाचा. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण निरोगी मोठ्या माणसातही 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहून बरीच कमी, डॉक्टरांना विचारून. मेडिकलवाला जी पेनकिलर पटकन काढून देतो तिच्यात बऱ्याचदा अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही एकत्र असतं, आणि घरी येऊन लोक वर ताप-अंगदुखीची गोळी घेतात, म्हणजे पॅरासिटामॉल डबल झालं, पाकीट उलटं करून वाचायची सवय लावा. आणि ज्यांना किडनीचा त्रास, अल्सर, बीपी, हार्टचा त्रास आहे किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांनी डायक्लोफेनॅक वगैरे गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे फार सांभाळायला हवं.

रात्र हा सगळ्यात वाईट भाग. आडवं झालं की खांदा ठणकायला लागतो, कूस बदलली की जाग येते. पाठीवर झोपा, कोपर आणि दंडाखाली एक चपटी उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा म्हणजे हात मागे लटकणार नाही, किंवा पहिल्या काही रात्री दोन-तीन उशा पाठीला लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा. चांगल्या कुशीवर झोपलात तर दुखरा हात छातीशी धरलेल्या उशीवर टेकवा. कपड्यांचं पण एक तंत्र आहे, घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना दुखरा हात शेवटी. बायकांनी या दिवसांत पुढे हुकचे ब्लाउज किंवा पुढे बटणाचे गाऊन वापरावेत, पाठीमागे हात नेऊन रोज तेच ते हुक लावताना खांदा परत परत दुखावतो. डबे, पीठ, रोजची भांडी वरच्या फळीवरून खाली आणून ठेवा, बादली दुसऱ्या हाताने आणि अर्धीच.

स्लिंग, म्हणजे गळ्यात अडकवायची झोळी, हिच्याबद्दल लोकांचा फार गोंधळ होतो. कॉलर बोन मोडलं असेल किंवा खांदा निखळून बसवला असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस घालायची, कॉलर बोनची बरीच फ्रॅक्चर्स तर ऑपरेशनशिवाय स्लिंगमध्येच जुळून येतात. पण साध्या मुरगळण्यात दोन-तीन दिवसांच्या वर स्लिंग म्हणजे आखडण्याला आमंत्रण. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवत राहा, आणि दोन-तीन दिवसांनी चांगल्या हाताने टेबल धरून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि अंग हलवून त्याला हळूहळू झुलू द्या, हात स्वतः उचलायचा नाही. मग भिंतीवर बोटांनी एकेक पाऊल वर चढायचं. थोडं ओढल्यासारखं दुखेल ते चालतं, पण कळ आली किंवा व्यायामानंतरचं दुखणं रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

आता मुख्य भाग, घरी बघायचं काय. हे फक्त वाकडा न दिसणाऱ्या, हाड मोडल्याची शंका नसलेल्या खांद्यासाठी, आणि जोर लावून नाही. आरशासमोर उभं राहून दुखरा हात बाजूने स्वतः वर न्या, कुठपर्यंत जातो ते बघा. मग घरातल्या कुणालातरी तोच हात सावकाश वर न्यायला सांगा, तुम्ही अंग सैल सोडा. दुसऱ्याने नेला तर हात वर जातोय पण तुम्हाला स्वतः नेता येत नाही, किंवा वर नेऊन सोडल्यावर धरून ठेवता येत नाही, पटकन खाली पडतो, तर सांधा मोकळा आहे पण उचलणारी यंत्रणा बिघडली आहे, म्हणजे टेंडन फाटलाय किंवा नस दुखावली आहे अशी शंका घ्यायची. आणि दुसऱ्याने नेऊनही तिथेच अडतोय, तर सांधाच अडकलाय किंवा आखडलाय. दुसरी तपासणी, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. दोन्हीकडे सारखं उघडतंय का? दुखऱ्या बाजूला कमी उघडत असेल आणि दुसऱ्याने ढकलूनही उघडत नसेल तर ती आखडण्याची ठळक खूण आहे. या दोन गोष्टी पहिल्या दिवशी दुखण्यामुळे नीट कळत नाहीत, म्हणून तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग दोन आठवड्यांनी बघा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दर आठवड्याला हात थोडा थोडा वर जातोय तर घरी थांबायला हरकत नाही. आठ-दहा दिवस झाले आणि स्वतः उचलायची ताकदच आली नाही, तर दुखणं कितीही कमी झालेलं असो, हाडांच्या डॉक्टरकडे जा. ताकद चांगली आहे पण दुखणं दोन-तीन आठवड्यांनंतर आहे तिथेच आहे, तरी जा.

यात वयाचा फार मोठा भाग आहे. पन्नाशी-साठीत टेंडन मुळातच झिजलेला असतो, त्यामुळे जे पडणं वीस वर्षांच्या पोराला नुसतं खरचटून सोडतं त्यात या वयात कफ पूर्ण सुटू शकतो. आमच्या शेजारच्या काकू अंगणात घसरल्या, एक्सरे काढला, हाड मोडलेलं नव्हतं, सगळं नॉर्मल आहे, मुका मार आहे असं सांगून घरी पाठवलं. त्या पुढे कितीतरी महिने डाव्या हाताने उजवा हात उचलून केस विंचरत होत्या आणि घरातल्यांना वाटत होतं की वय झालं. शेवटी सोनोग्राफीत कळलं की टेंडन तुटून मागे सरकला होता आणि स्नायू वाळत चालला होता. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो कारण यात कुणी खोटं बोललं नव्हतं. एक्सरे खरंच नॉर्मल होता. पण एक्सरेत हाड दिसतं, टेंडन दिसत नाही, आणि हे पेशंटला कुणीतरी सांगायला हवं होतं. पडून झालेली ताजी फाट असेल, विशेषतः आधी हात चांगला चालत होता आणि पडल्यावर अचानक गेला, तर ऑपरेशन करायचं की नाही हा निर्णय पहिल्या काही आठवड्यांतच घेतलेला बरा असतो. जितका उशीर तितका टेंडन आखडतो, स्नायूत चरबी भरते आणि जोडणं कठीण होतं. चाळिशीनंतर खांदा निखळला तर बसवल्यावर सुद्धा कफ फाटलाय का हे दोन-एक आठवड्यांत तपासून घ्यायचं ते याचसाठी. सोनोग्राफीने हे बऱ्यापैकी कळतं आणि ती एमआरआयपेक्षा खूप स्वस्त पडते, फक्त खांद्याची सोनोग्राफी करायचा सराव असलेला डॉक्टर हवा.

तरुणांचा प्रश्न वेगळा. त्यांचा कफ सहसा टिकतो पण खोबणीच्या कडेचा मऊ किनारा उखडतो आणि मग खांदा परत परत निखळायला लागतो, विशीच्या आतबाहेरच्या मुलांमध्ये ही शक्यता निम्म्याहून जास्त. श्रेयस अय्यर आठवतो का, मार्च 2021 मध्ये पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध फिल्डिंग करताना डाइव्ह मारली आणि डावा खांदा गेला, एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं आणि तो परत मॅच खेळला ते सप्टेंबरमध्ये. जगातली चांगली ट्रीटमेंट आणि रोजचे फिजिओ हाताशी असलेल्या खेळाडूला एवढे महिने लागतात, तर कबड्डी खेळणाऱ्या पोराने खांदा बसवल्यावर तीन आठवड्यांनी मैदानात उतरू नये एवढं तरी त्याच्या कोचने बघावं. दुसऱ्यांदा निखळला तर खांद्याचं काम करणाऱ्या सर्जनचं मत घ्याच.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. पडणं नाही, मार नाही, हळूहळू सुरू झालेलं दुखणं आणि एमआरआयमध्ये छोटी फाट असं लिहून आलं म्हणून लोक हादरून जातात. साठीनंतर काहीच त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या खांद्यात अशा फाटी सापडतात. 2018 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनमधला 300 हून जास्त पेशंटचा अभ्यास आला, त्यात हात उचलताना खांदा दुखणाऱ्या लोकांमध्ये हाड घासून जागा मोकळी करायचं ऑपरेशन आणि नुसती दुर्बीण घालून बाहेर काढणं यांची तुलना केली होती, आणि हाड घासण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून अशा दुखण्यात आधी दोन-तीन महिने फिजिओथेरपी मनापासून करायची. हे पडून अचानक ताकद गेलेल्या हाताला लागू नाही, तो वेगळा विषय, वर सांगितला तोच.

फ्रोझन शोल्डर म्हणजे खांदा आखडणं हे बहुतेक 40 ते 60 वयात येतं, बायकांमध्ये थोडं जास्त, आणि डायबेटिस असेल तर खूपच जास्त. एरवी 100 माणसांत 2 ते 5 जणांना होतं असं धरतात, डायबेटिसवाल्यांत 10 ते 20. थायरॉइडवाल्यांनाही धोका जास्त. बारीकसा मार लागला, भीतीने हात बरेच दिवस पोटाशी धरून ठेवला आणि सांध्याचं वेष्टन जाड होऊन आवळत गेलं, अशीही सुरुवात होते. आधी काही महिने भयंकर दुखतं, मग दुखणं उतरतं पण हात अडकतो, मग सावकाश सुटतो, एकूण एक ते तीन वर्षं. बहुतेकांचं सुटतं, पण तोवर सहन करत बसायची गरज नाही, सुरुवातीच्या दुखऱ्या काळात सांध्यात दिलेलं स्टेरॉइड इंजेक्शन बऱ्याच जणांना चांगला आराम देतं आणि त्या आरामात व्यायाम करता येतो. कुणी जोर लावून कडकड करत हात वर ढकलत असेल तर थांबवा, दुखऱ्या काळात त्याने आणखी आवळतं.

आणि कधी कधी दुखतो खांदा पण दोष दुसरीकडे असतो. खांदा हलवल्याने दुखणं बदलतच नाही, आणि सोबत छातीत दाब, घाम, दम, जबडा किंवा डाव्या हातात कळ, तर तो हार्ट अटॅक असू शकतो, बाम चोळत बसू नका, लगेच हॉस्पिटल. पोटावर मार लागल्यावर डाव्या खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं तर आत प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, फाटून रक्त जात असू शकतं, गाडीच्या अपघातात हे विसरलं जातं. दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्यांसकट जात असेल तर बहुधा मान. खांदा लाल, गरम आणि ताप असेल तर सांध्यात इन्फेक्शन असू शकतं, तेही त्याच दिवशी. अनेक वर्षं विडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाचा खांदा कारणाशिवाय रात्रंदिवस दुखतोय, वजन उतरतंय, हाताचे स्नायू बारीक होतायत, तर छातीचा एक्सरे पण काढायला सांगा.

डॉक्टरकडे जाताना सैल बाही किंवा बनियन घालून जा, दोन्ही खांदे उघडे करून शेजारी शेजारी बघितल्याशिवाय तपासणी होत नाही. पडलात कसे, हात कुठे टेकला, तेव्हा काही कट् असा आवाज आला का, पूर्वी काय जमायचं आणि आता काय जमत नाही, हे सांगा, आणि ते फोटो दाखवा. ऑपरेशन सांगितलं तर न करता तीन महिने फिजिओ केलं तर काय होईल, आणि थांबल्याने नुकसान होणार आहे का, हे दोन्ही विचारा. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का ते त्याच्याकडून आधीच कळतं. आणि डायबेटिस असेल तर इंजेक्शन घ्यायच्या आधी ते आवर्जून सांगा, स्टेरॉइडने पुढचे काही दिवस शुगर वाढते, तेवढे दिवस घरी रोज तपासावी लागते.